ताजबीच्या परड्यातली बारा कलमे

श्रावण शुद्ध ६, शके १८३५

त्या सकाळी मी आधी चूल सारवली होती. मग आडाचे दोन हंडे पाणी आणले, पेजेचे तांदूळ धुतले, रात्री भिजत घातलेले केळीचे सोपट पिळून दोरीवर टाकले. सोपटाची बारीक पट्टी ओली असतानाच कलमाला गुंडाळावी लागते, म्हणून ती तयार ठेवणे हे माझे रोजचे काम. ह्यांनी पेज घेतली, वर मिठाची कैरी मागितली. मी म्हटले, बरणी वरच्या फळीवर आहे, दुपारी काढते. बरे म्हणाले, चाकू कमरेला लावला आणि गेले. मी भांडी घासून उपडी घातली, अंगणात सडा टाकला. दुपारी चौघांनी त्यांना उचलून आणले. डोक्याकडे कृष्णात मुकादम होता. छातीत कळ आली आणि झाडाला बांधलेल्या माचीवर बसल्या जागी गेले, असे त्याने सांगितले.

ही गोष्ट फाल्गुनातली. सकाळचे मला सगळे आठवते, दुपारचे थोडेच.

ही वही त्यांची. पुढच्या पानांवर कोणत्या झाडाला किती रोपे लावली ते त्यांनी लिहिले आहे. मागची पाने कोरी आहेत. मी एकटीच बोलते असे बागेतल्या बायका म्हणू लागल्या आहेत, त्यापेक्षा लिहिलेले बरे. वाचायला मला कोणी शिकवले नाही. वाण्याकडून पुड्या यायच्या त्या वर्तमानपत्राच्या कागदांवरून, एकेक अक्षर ह्यांना विचारून शिकले. आता छापलेले काहीही वाचते. बायका मला 'वाचणारी' म्हणतात आणि ते मला आवडते, हे इथे लिहायला हरकत नाही.

आम्ही पेडण्याकडचे, म्हणजे पोर्तुगीज मुलखातले. इथे आम्हाला परमुलखी म्हणतात. दरबारच्या बागेत आंब्याची कलमे बांधायला ह्यांना चार वर्षांपूर्वी बोलावून आणले. परमुलखी माणसाला इथे राहायचा परवाना नोकरीपुरता. नोकरी गेली की खोली गेली आणि महिन्याच्या आत हद्द सोडायची. ह्यांच्यामागे मी जाणार हे मी धरूनच चालले होते. पण चैत्रात बागेच्या कचेरीने मलाच त्यांच्या जागी ठेवले, कारण बांधायला येणारे दुसरे कोणी नव्हते.

कारकून बाळासो यांनी करारनामा पुढे ठेवला. दोन पाने, सगळे मोडीत. मोडी मला येत नाही. ओळी एखाद्या गुंतलेल्या दोऱ्यासारख्या दिसतात. बाळासो म्हणाले, "वाचून घ्या, बाई. ऐकलंय तुम्ही वाचता." मी कागद डोळ्यांपुढे धरला, एक पान उलटले, दुसरे उलटले. "वाचलंत?" मी होय म्हटले आणि खाली बाळबोधीत नाव लिहिले. आत काय आहे ते मला ठाऊकच होते असे तेव्हा वाटले. हे नेहमी सांगायचे, बाहेर पैसे घेऊन कलम बांधायचे नाही, एवढीच अट.

श्रावण शुद्ध १०

बागेच्या मागच्या भिंतीपलीकडे ताजबीचे परडे आहे. ताजबी विधवाच, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. तिच्या नवऱ्याने लावलेला आंबा परड्यात उभा आहे. फळ लहान, पण कोय टाकवत नाही इतके गोड. खोड मात्र आतून पोखरले आहे. ठोकले की डब्यासारखे वाजते.

ती म्हणाली, "अंबू, ह्यो पुढचा पावसाळा काढत न्हाई. पडायच्या आत माझ्या चौघी पोरींच्या दारात ह्येचं एक-एक पोर लावून दे."

मी म्हटले, चार हवीत तर बारा बांधावी लागतील.

"व्हय की. एक जगंल, एक मरंल, एक जावयाची शेळी खाईल."

आज बारा बांधली. सुट्टीचा दिवस होता. गेल्या वर्षीच्या कोयींची रोपे तिच्याकडे कुंड्यांत होतीच. बांबूची माची केली, कुंड्या फांदीपाशी वर नेल्या. रोपाच्या खोडाची साल आणि झाडाच्या डहाळीची साल एकेका बाजूने बोटभर सोलायची, दोन्ही जखमा एकमेकींना लावायच्या, सोपटाने आवळायच्या, वर शेणमातीचा लेप. अडीच महिन्यांनी दोन्ही एकजीव झाली की डहाळी आईपासून तोडायची. तोवर ती आईचेच दूध पिते. आधी तोडली तर मरते. आडदांड हाताने तोडली तरीही मरते.

ताजबीकडून पैसे घेणार नाही. तिने चहा दिला तो घेतला. चाकू ह्यांचाच. मूठ त्यांच्या हाताच्या मापाने झिजलेली आहे, माझा अंगठा जरा मागे पडतो.

नारळी पौर्णिमा

ताजबीची माची बघून सुताराची विठाबाई आली. भिंतीशी उभी राहून विचारते, "कलमं बांधणाऱ्या अंबूबाई त्या तुमीच काय?"

ह्यांचे नाव न घेता माझी चौकशी कोणी केली, ती ही पहिलीच वेळ. तिच्याकडची दोन बांधून दिली. तिने पायलीभर तांदूळ पदरात घातला. तांदूळ म्हणजे काही पैसे नव्हेत. घरी येताना 'कलमे बांधणाऱ्या अंबूबाई' असे दोनदा मनात म्हणून पाहिले. बरे वाटले आणि लगेच वाईट वाटले. मग भात टाकला.

श्रावण वद्य ५

आज कृष्णात मुकादमाने मला गाठले. माणूस वाईट नाही असे हे म्हणायचे. मला तो कधी समजला नाही. आवाज ढोलासारखा, आणि मी बाई असून मेस्त्रीच्या, म्हणजे ह्यांच्या, जागी आले हे त्याला रुचले नसावे. रोज काहीतरी टोमणा असतोच. गोव्याची माणसे पेज पिऊन हलकी होतात म्हणून झाडावर चढतात, हा त्याचा नेहमीचा.

आज म्हणाला, "बाई, ताजबीच्या परड्यात कुंड्या किती हायत?"

"कसल्या कुंड्या?"

"आंब्याच्या. का मडकी हायत ती?"

मी म्हटले मला काय ठाऊक. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. आंब्याचा चीक लागला की दोन-दोन दिवस काळे डाग जात नाहीत.

"डहाळी बागंतली तर न्हाई न्हवं?"

"मुकादम, मी चोर नाही."

"मी कुठं म्हणलो चोर? इचारलं," म्हणाला आणि गेला. थोड्या वेळाने पाहिले तर मागच्या भिंतीवर चढून ताजबीच्या परड्यात डोकावत होता. मोजत होता. बोटे हलत होती.

रात्री जेवण गेले नाही.

श्रावण वद्य ११

आता काही शंका उरली नाही. आज सकाळी कृष्णात मला विचारतो, "बाई, तुमच्या गावाचं नाव नीट सांगा की. आन् हितं येऊन वरसं किती झाली?"

"कशाला हवे?"

"हवं हाय. तुमचं वय काय असंल, चाळीस?"

"एकेचाळीस," मी म्हटले. उत्तर देऊन चुकले हे नंतर कळले.

दुपारी खत आणायला गेले तर तो कचेरीच्या ओट्यावर बाळासोंच्या शेजारी उकिडवा बसलेला. बाळासो लिहीत होते आणि हा सांगत होता. ह्याला स्वतःला लिहिता येत नाही, काळे अक्षर म्हशीसारखे म्हणून सांगतो. मला पाहिले आणि दोघेही गप्प झाले. बाळासोंनी कागदावर हात ठेवला.

माझे गाव, माझे वय, माझी वर्षे. तक्रार लिहायला आणखी काय लागते?

हे असते तर म्हणाले असते, आधी विचार, मग रागाव. पण मी विचारू कोणाला?

भाद्रपद शुद्ध ३

दिराचे पत्र आले. शाळेत जाणाऱ्या पुतण्याने बाळबोधीत लिहिले आहे. 'एकटी बाई परक्या राज्यात राहते हे बरे दिसत नाही. इकडे सात माणसांचे जेवण आहे, तुमच्या जाऊबाईंचे गुडघे धरतात, तेव्हा निघून यावे.' शेवटी लिहिले आहे की मागीलदारची खोली झाडून ठेवली आहे.

मागीलदारची खोली मला माहीत आहे. तिथे सासूबाईंनी सत्तावीस वर्षे काढली. खिडकी नाही. जे वाचावे ते चुलीच्या उजेडात.

आमच्या ह्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. उत्तर लिहिले नाही.

भाद्रपद वद्य ६

बरेच दिवस काही लिहिले नाही, कारण सगळे बरे चालले होते. ताजबीच्या बाराही कलमांचे लेप घट्ट आहेत. पाने टवटवीत. खालच्या तीन कलमांना तर नवा लालसर फुटवा आला.

आणि आज शिपायाने कागद आणून दिला. बागेच्या कचेरीचा शिक्का, मोडी. वर माझे नाव असावे. मधे कुठेतरी आकडे आहेत, ते तेवढे कळले, पण तारीख कुठली आणि रुपये कुठले ते कळेना. शिपाई म्हणाला, "वाचून घ्या." मी मान हलवली. तो गेल्यावर कागद पिठाच्या डब्यामागे ठेवला. मग काढला, परत पाहिला. परत ठेवला.

भाद्रपद वद्य ८

कागद ताजबीकडे नेला. ती हसून म्हणाली, "माझ्याकडं आणलास? मला तर रुपयाचं तोंड कुठलं न् पाठ कुठली ते कळत न्हाई. वाचणारी तू."

तेव्हा तिला सांगितले. आजवर कोणाला सांगितले नव्हते. करारावर सही केली आणि एक ओळ वाचली नाही, तेही.

ती जरा वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "आगं, मग त्यात काय? माझ्या घोवाला अर्धं गाव मौलवी समजायचं, दाढी हुती म्हणून. कुणीतरी पत्र घेऊन आलं की म्हणायचा, चष्मा फुटलाय."

"मग?"

"चष्मा कुठला? कधी नव्हताच."

खूप दिवसांनी हसले. पण ती म्हणाली बाळासोंकडे जाऊन वाचून घे, ते मला जमेना. त्यांच्यासमोर मी पाने उलटली होती. आणि त्यांनीच तर कृष्णाताचे सांगणे लिहून घेतले. बाजारात कोणा अनोळखी माणसाकडून वाचून घ्यावे असे ठरवले, पण दोन दिवस पाऊस थांबलेला नाही.

भाद्रपद वद्य १२

आज सकाळी कामावर गेले तर कृष्णात वाटेत उभा. धुतलेला पटका, धुतलेली बंडी. कामाच्या दिवशी असा कधी पाहिला नव्हता.

"बाई, आज कामाला कशाला आलासा?"

मी वाटेतच थांबले. "का? मला काढले का?"

"आँ? आज कचेरीत... कागद आला न्हवं तुमाला?"

"आला."

"वाचला न्हवं?"

"वाचला," मी म्हटले. "तुम्हाला काय करायचे आहे?"

तो म्हणाला, "तुमाला यायचं न्हाई म्हणा की." मी म्हटले, मला जे करायचे ते मी करीन, तुम्ही तुमचे करा, तुम्ही तुमचे केलेलेच आहे. यावर तो कचेरीच्या वाटेने एकटाच निघाला. चिखलातून धोतर वर धरून.

मी दिवसभर रोपांना माती घातली. माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला माणूस इतका नटून जातो, ह्याचे मला नवल वाटले.

भाद्रपद वद्य १३

मोठी चूक केली. काल रात्री मनात आले, मला हद्द सोडावी लागली तर ताजबीची कलमे तोडणार कोण? कृष्णात मोठी झाडे छाटतो, पण असे बांधलेले भेट-कलम तोडायचा हात त्याच्याकडे नाही, हे स्वतःच म्हणायचा. तेव्हा आताच तोडून पाहावे. आज एकच तोडले, सगळ्यात जाड होते ते. बांधून दीड महिनाच झाला आहे, हे मला ठाऊक होते. तरी तोडले.

संध्याकाळी पाने खाली वाकली.

ताजबीने कुंडी सावलीला नेऊन पाणी घातले. उरली अकरा. त्यांना हात लावणार नाही. जे व्हायचे ते होवो.

आश्विन शुद्ध ३

शिपाई तोंडी निरोप घेऊन आला. परवा दहा वाजता कचेरीत तिथले मुख्य रावसाहेब यांच्यापुढे हजर व्हावे, आता पुढची तारीख मिळणार नाही. म्हणजे आधीचीही तारीखच होती. मी ती पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली होती.

दिराच्या पत्राचे उत्तर लिहायला घेतले. 'निघून येते' इतके लिहिले आणि शाई वाळेपर्यंत बघत बसले.

आश्विन शुद्ध ७

दोन दिवस उशिरा लिहिते आहे, पण नीट लिहिते.

पंचमीला कचेरीत गेले. लुगडे धुतलेले, हात चिंचेने घासलेले. रावसाहेब वयस्क, कानात लोकरीचे बोळे. बाजूला बाळासो दौत घेऊन. कृष्णात दिसला नाही. दाराबाहेर कोणीतरी खोकत होते, तेवढेच.

रावसाहेब म्हणाले, "मागच्या तारखेला तुम्हाला ताप होता म्हणे. आता बऱ्या आहात?"

मला ताप नव्हता. मी बाळासोंकडे पाहिले, ते दौतीत पाहत होते. मी म्हटले, "बरी आहे."

"तुमच्याविषयी एक तक्रार आहे. रोपे विकणारा एक जण लिहितो की दरबारची परमुलखी कामगार बाहेर कलमे बांधते आणि मोबदला घेते. खरे?"

"खरे."

"काय घेतलेत?"

"ताजबीकडे चहा. विठाबाईकडे पायलीभर तांदूळ."

त्यांनी ते बाळासोंना लिहायला सांगितले. चहासुद्धा लिहिला. मग म्हणाले, "करारातली अट तुम्हाला ठाऊक होती. तुम्ही सही केली आहे."

हीच जागा होती. चष्मा फुटला असे म्हणता आले असते. पण मला कधी चष्माही नव्हता. मी म्हटले, "रावसाहेब, सही माझी आहे. कराराची एकही ओळ मी वाचलेली नाही. मला बाळबोध येते, मोडी येत नाही. लाज वाटली म्हणून पाने उलटली. तुमचा मागच्या तारखेचा कागदही मला वाचता आला नाही. ताप नव्हता."

बाहेरचा खोकला थांबला. मला वाटले, आता संपले. आणि खरे सांगायचे तर त्या घटकेला हलकेही वाटले, जसे डोक्यावरचा हंडा कोणी उतरवून घ्यावा.

रावसाहेब बाळासोंना म्हणाले, "परमुलखी माणसाला करार वाचून दाखवायचा असतो ना?"

"असतो, साहेब. बाई म्हणाल्या, वाचला."

"म्हणाल्या तरी दाखवायचा. आता दाखवा."

बाळासोंनी वाचला. अट मी समजत होते तशी नव्हतीच. बागेतल्या मूळ झाडाची डहाळी बाहेर जाऊ नये, ही एक. बागेच्या वेळेत बाहेरचे काम करू नये, ही दुसरी. आणि तिसरी, आपल्या वेळेत, राज्याच्या हद्दीत, स्वतःच्या हुन्नराचे काम करायचे असेल तर कचेरीत अर्ज देऊन परवानगी घ्यावी. पैसे घेऊ नयेत असे त्यात कुठेच नव्हते. ह्यांनी ते असे का सांगितले होते, कोण जाणे. कदाचित त्यांनाही कोणी वाचून दाखवला नसेल. त्यांची सहीही बाळबोधच होती.

मी म्हटले, "परवानगी मी घेतली नाही."

"घेतली नाही, पण मागितली आहे," रावसाहेब म्हणाले, आणि त्यांनी फायलीतून एक कागद काढला. "श्रावण वद्य एकादशीचा अर्ज. तुमच्या नावाने, तुमच्या वतीने दिलेला. गाव, वय, इथली वर्षे सगळे आहे. तक्रार आली अमावास्येला. अर्ज आधीचा आहे म्हणून तुम्ही आज इथे उभ्या आहात. पहिल्या तारखेला अर्जदार आली नाही तेव्हा तो निकालीच निघायचा होता, तुमच्या तापामुळे राहिला. हा अर्ज तुम्हाला मान्य?"

मान्य, म्हटले.

"कलमे अर्जाच्या आधी बांधलीत की नंतर?"

"आधी. शुद्ध दशमीला."

ते फायलीतला दुसरा कागद बघून म्हणाले, "पाहणी झालेली आहे. झाड बाहेरचे, डहाळी बागेतली नाही, काम सुट्टीच्या दिवसाचे. ठीक." मग बाळासोंना सांगू लागले. परवानगी देण्यात येते. बागेच्या वेळेखेरीज, स्वतःच्या नावाने काम करावे, दर सहा महिन्यांनी कोणाकडे किती बांधली ते कळवावे, राहण्याचा परवाना करार संपेपर्यंत पुढे चालू. परवानगीआधी घेतलेल्या तांदळाबद्दल ताकीद. "आणि पुढच्या वेळी," माझ्याकडे बघून म्हणाले, "येत नसेल तर येत नाही म्हणा. आमच्या निम्म्या सरदारांनासुद्धा येत नाही."

अर्जाखाली माझी सही घेतली. मी तो कागद जवळून पाहिला. शेवटी एक अंगठा उमटलेला होता, मोठा, नखाच्या बाजूला मातीची रेघ. खाली त्या माणसाचे नाव मोडीत. मला वाचता आले नाही. शिपायाचा असावा.

पाहणी कधी झाली हेही मला कळले नाही. कचेरीची माणसे गुपचूप येऊन जातात, असे दिसते.

बाहेर येऊन ओट्यावर बसले. कृष्णात तिथेच खांबाला टेकून उभा. धुतलेला पटका आजही. मला म्हणाला, "काय झालं?"

मी सांगितले, परवानगी मिळाली. त्याचे तोंड उतरेल असे वाटले होते. पण त्याने पटका काढला, तोंड पुसले, परत बांधला. "झ्याक झालं," म्हणाला. "आता गावची लोकं मुकादमाला इचारायची न्हाईत. मेस्त्रीणबाई कुठं हायत म्हणतील." आणि जाता जाता, "त्या अकरा कुंड्यांस्नी दुपारचं ऊन लागतंय. पश्चिमेला पेंढ्याची ताटी उभी करा. बाराव्याची काय घाई झाली हुती?"

अकरा उरली हे त्याला कोणी सांगितले? अजून भिंतीवर चढतो म्हणायचा. माणूस कळत नाही. तक्रार त्या रोपे विकणाऱ्याची होती हे खरे, त्याची नव्हती, तेव्हा भाद्रपदात मी त्याला बोलले ते जास्तच बोलले. हे एकदा कबूल करावे लागेल. ह्यांनी ते आधीच म्हटले असते.

मग आत जाऊन बाळासोंचे आभार मानले. म्हटले, तुम्ही माझ्यासाठी अर्ज केलात, तापाचेही सांगितलेत, मी हे विसरणार नाही.

ते अवघडून म्हणाले, "बाई, मी कारकून. सांगणारा सांगतो, मी लिहितो. ताप काही माझ्या डोक्यातून निघाला नाही."

सज्जन माणूस आहे, केलेले अंगाला लावून घेत नाही. मी विचारले, मोडी शिकायला किती दिवस लागतात?

"तुमच्यासारखीला? दिवाळीपर्यंत ओळखू लागाल. कशाला शिकताय?"

"माझा करार मला वाचायचा आहे."

ते हसले. "शिका. आणि आलं की आधी तो अर्ज वाचा. शेवटच्या ओळीसकट."

संध्याकाळी ताजबीकडे गेले. तिने बातमी ऐकली, दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून बोटे मोडली आणि म्हणाली, "म्हंजे दिवाळीला माझ्या पोरींस्नी बोलवू?" मी म्हटले, बोलवा. कलमे तोडायला मी इथेच आहे. मग दोघी बराच वेळ माचीखाली बसलो. ह्यांची आठवण आली तशी आली, पण आज ती शेजारी येऊन बसल्यासारखी. रडले थोडे. ताजबीने सुपारी दिली.

घरी येऊन दिराला लिहायला घेतलेले पत्र फाडले आणि दुसरे लिहिले, तीन ओळींचे. इथे काम आहे, परवाना आहे, यायचे होणार नाही, जाऊबाईंच्या गुडघ्यांना निर्गुडीचा शेक द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलमांना पेंढ्याची ताटी बांधली, दुपारच्या सुट्टीत पाटी घेऊन कचेरीच्या ओट्यावर गेले, आणि बाळासोंनी घालून दिलेली मोडीची पहिली पाच अक्षरे सुट्टी संपेपर्यंत गिरवली.